चौदा नंबरचे डोळे

रविवारी सकाळी आठ वाजता त्या घरात डोळ्यांची तपासणी असायची, आणि तिला दांडी मारायची कोणाची छाती नव्हती. घरी पाहुणे असोत, कोणाला ताप असो, नाहीतर आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं असो. आठच्या ठोक्याला खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसायचं, मान वर करायची आणि डोळे वटारायचे. समोर आत्या. डाव्या अंगठ्याने ती खालची पापणी ओढायची, उजव्या हातातलं कार्ड डोळ्याशेजारी धरायची आणि निकाल द्यावा तसा आकडा सांगायची.

कार्ड तिने स्वतः बनवलं होतं. खाली रस्त्याला लागून रंगाचं दुकान, वर घर, त्यामुळे सामानाला तोटा नव्हता. लांबट पुठ्ठ्यावर पिवळ्याच्या चोवीस पट्ट्या ओढलेल्या. एक नंबर इतका फिका की शेजारी पांढरा कागद ठेवल्याशिवाय तो पिवळा आहे हे कळू नये, आणि चोवीस नंबर म्हणजे निव्वळ हळद. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातातला भिंतीचा पोपडा नुसता बघून आत्या त्याचा रंग सांगायची. अशा बाईला घरच्यांचे डोळे म्हणजे किस झाड की पत्ती.

आता हा खटाटोप कशासाठी, तर घराण्याच्या रक्तासाठी. चारचौघांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी बशीसारख्या चपट्या असतात, या घरातल्यांच्या गोटीसारख्या गोल. चपटी पेशी वाकून वळून कुठूनही निसटते. गोल पेशी पोटातल्या प्लीहेत अडकते आणि फुटते. फुटलेल्या पेशींच्या मोडीतून पिवळा रंग तयार होतो आणि तो डोळ्यांत उतरतो. हे रक्त आत्याच्या वडिलांकडून त्यांच्या तिन्ही मुलांत आलं: थोरला, मधली आत्या आणि धाकटा. थोरला अकराव्या वर्षीच गेला. धाकटा आता अठ्ठावन्न वर्षांचा, दुकानाचा मालक, तरी आत्या त्याला बाळ्याच म्हणायची. बाळ्याकडून ते रक्त त्याच्या एकुलत्या एका लेकीत, चिंगीत आलं. वहिनी, म्हणजे चिंगीची आई, बाहेरून आलेली, चपट्या पेशींची. तिचा नंबर लागत नसे. रविवारी आठ ते साडेआठ ती शांतपणे चहा पीत बसे, आणि या घरात पडल्याचं एवढं एक सुख आपल्याला मिळालं असं ती उघड बोलून दाखवी.

आत्याचे स्वतःचे डोळे मात्र पांढरेशुभ्र होते. बाविसाव्या वर्षी तिची प्लीहा काढली आणि महिन्याभरात पिवळेपणा पळाला. तेव्हापासून तिने एक गोष्ट मनाशी पक्की बांधली. पिवळं म्हणजे आजार, पांढरं म्हणजे बरं. यात शंका काढायची कोणाची टाप नव्हती, आणि काढावी असं कोणाला वाटतही नव्हतं.

रंगवाल्यांच्या घरात लबाड्याही रंगाच्याच चालत. नंबर वाढला की आत्या जागरण बंद करायची, फिरणं बंद करायची, तपासणीला दवाखान्यात पिटाळायची. म्हणून बाळ्या तपासणीला पिवळाधमक शर्ट घालून यायचा, कारण भडक पिवळ्याशेजारी फिका पिवळा पांढरा वाटतो. चिंगीने एकदा खिडकीला निळा पडदा लावून उजेडच निळा करून पाहिला. आत्याने मग तो कोपरा छतापासून फरशीपर्यंत राखाडी रंगवला आणि स्टुलावर बसणाऱ्याच्या गळ्याभोवती राखाडी चादर गुंडाळायला सुरुवात केली. "राखाडी कोणाची बाजू घेत नाही," ती म्हणायची.

चिंगी सव्वीस वर्षांची, जवळच्याच बालवाडीत शिकवायची. तिचा जन्माचा नंबर चौदा. यंदा तिला सहा तासांवरच्या शहरातल्या एका मोठ्या शाळेत नोकरी मिळाली होती, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं होतं. घरात सगळे खूश, पण आत्याने पाचर मारली.

"बाराच्या खाली नंबर आला तर जा. बाराच्या वर असशील तर इथेच, माझ्या डोळ्यांसमोर."

"आत्या, मी जन्मात बाराच्या खाली गेले नाहीये!"

"मग जन्मात जाऊ नकोस."

सव्वीस वर्षांची मुलगी आत्याच्या कार्डाला का जुमानते, असं बाहेरच्यांना वाटे. पण चिंगी सोळाची असताना एका रविवारी आत्याने "एकवीस!" म्हणून किंचाळून तिला दवाखान्यात नेलं होतं, आणि पित्ताच्या नळीत अडकलेला खडा तिथे सापडला होता. पोटात दुखायला लागलं ते त्यानंतर दोन तासांनी. तेव्हापासून चिंगी कार्डावर कितीही हसली तरी त्याच्याशी भांडायची नाही. ती फक्त लबाडी करायची.

त्याच सुमाराला बालवाडीत एक भानगड झाली. सोमवारी दुपारी एका मुलाची आई त्याला ओढत थेट दुकानात आली. पोराचे दोन्ही गाल लालभडक.

"हे बघा तुमच्या मुलीचे प्रताप! चार वर्षांच्या लेकराला दोन्ही गालांवर मारलंय!"

बाळ्याची बोबडी वळली. आत्या मात्र काउंटरवरून वाकली, पोराची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवले आणि म्हणाली, "हा मारल्याचा लाल नाही."

"म्हणजे?"

"मारलं की बोटं उमटतात, कडेला निळसर झाक येते. हा लाल बघा, कसा एकसारखा बसलाय, रोलरने दिल्यासारखा. हे हाताचं काम नाही, बाई. हे आतून आलंय."

पोराला आपल्याबद्दल चाललेलं हे बोलणं फार आवडलं. तो दुसराही गाल पुढे करून उभा राहिला. संध्याकाळपर्यंत बालवाडीतल्या आणखी पाच मुलांचे गाल तसेच झाले, आणि त्यातल्या तिघांना तर चिंगीने कधी शिकवलंही नव्हतं. मुलांचे डॉक्टर म्हणाले, हा एक साधा विषाणू आहे, लहान मुलांमध्ये फिरत असतो, औषध लागत नाही, आठवड्यात विसरून जाल. चिंगीने त्याचं नाव थप्पडताप ठेवलं. ती आई दुसऱ्या दिवशी येऊन ओशाळं हसली आणि जाताना स्वयंपाकघरासाठी एक डबा रंग घेऊन गेली. आत्याने पुढचे चार दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला हा किस्सा ऐकवला. पुरावा नुसत्या नजरेने ओळखला, हे सांगताना तिची मान इंचभर उंच व्हायची.

दोन आठवडे गेले. मधे चिंगीला एक दिवस कसकस आली, अंग दुखलं, आणि दुसऱ्या दिवशी ती ते विसरली. मग रविवार आला. चिंगी स्टुलावर बसली, आत्याने चादर गुंडाळली, पापणी ओढली, कार्ड धरलं आणि पट्ट्यांवरून दोनदा बोट फिरवलं.

"बोल ना," चिंगी म्हणाली.

"नऊ," आत्या म्हणाली. लगेच तिचे डोळे बारीक झाले. "काय केलंस?"

"मी? काही नाही!"

"सव्वीस वर्षं चौदा, आणि नोकरी लागली की नऊ? मी काय आज या धंद्यात आलेय?"

त्या दिवशी आत्याने घर पिंजून काढलं. खिडकीची काच पुसून पाहिली. बल्ब काढून कंपनीचं नाव वाचलं. चिंगीची पर्स उलटी करून डोळ्यांत घालायचे थेंब शोधले, तिथे खडूचे तुकडे आणि एक लहान मुलाचा मोजा निघाला. मग तिला वाटलं, हिने कार्डावरच हात फिरवला असेल. पट्ट्यांवर पिवळ्याचा एकेक हात जास्त दिला की डोळ्याचा नंबर आपोआप उतरणार. आत्याने कपाटात कुलपात ठेवलेलं दुसरं कार्ड काढलं आणि दोन्ही शेजारी धरली. चोवीसच्या चोवीस पट्ट्या तंतोतंत जुळत होत्या. याने तिचं समाधान होण्याऐवजी संशय वाढला, कारण पकडता न येणारी लबाडी ही तिच्या मते सगळ्यात मोठी लबाडी होती.

मंगळवारी सकाळी चिंगी दात घासायच्या आत तिने धाड घातली. सहा. चिंगीला आधी खरंच वाटेना, मग ती टुणकन उठली आणि आरशाकडे धावली. दोन पावलांवर तिला कपाटाचा आधार घ्यावा लागला.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"आनंदाने चक्कर आली!"

आत्याला ते पटलं नाही. या मुलीचं वागणंच तिला संशयास्पद वाटत होतं. जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची आणि सँडलचा पट्टा आवळायची, त्या सँडलला पट्टा नसला तरी. दुपारी झोपायची. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून श्वास घ्यायची. कोणी विचारलं की म्हणायची, सामान बांधून दमले. चिंगीला वाटत होतं, आता कुठे नंबर उतरतोय, आता दमल्याचं बोलले तर आत्याच्या हातात आयतं कोलीत मिळेल. म्हणून ती दम गिळत होती, आणि आत्या ती काय गिळतेय त्याचा शोध घेत होती.

वहिनी एकदा भीतभीत म्हणाली, "वन्सं, पोरगी मला फिकी दिसतेय."

"फिकी नाही, वहिनी, उजळ," आत्या म्हणाली. "रंगात या दोन्हींत फार फरक असतो. तुम्हाला नाही कळायचं."

वहिनी चहाचे कप आवरू लागली. त्या घरात रंगाबद्दल तिला काही कळत नाही हे तीस वर्षांपूर्वीच ठरलं होतं.

बुधवारी नंबर तीनवर आला. आता मात्र आत्याने हात टेकले. लबाडी करून इतकं पांढरं होता येत नाही, हे तिला तिच्या धंद्याने शिकवलं होतं. म्हणजे हे खरं होतं. तिची प्लीहा कापून काढावी लागली, आणि या पोरीचा आजार आपल्या पायांनी चालता झाला. आत्या चादर हातात धरून उभी राहिली आणि भडाभडा रडली. मग तिने कपाटातून वडिलांची जुनी वही काढली. डोळ्यांचे नंबर टिपायची पद्धत त्यांचीच. तेव्हा कार्ड हाताएवढं होतं आणि पट्ट्या सोळाच.

"हे बघ," तिने चिंगीला दाखवलं. "माझ्या थोरल्या भावाचं पान. हेही असंच झालं होतं त्याचं."

पान पिवळं पडलेलं, अक्षर टपोरं. थोरल्याच्या नावाखाली आकडे होते, पंधरा, पंधरा, चौदा, पंधरा, आणि शेवटची ओळ: *आज डोळे पांढरे. आजार गेला.* त्याखाली काही नव्हतं.

"मग गेला कशाने?" चिंगीने विचारलं.

"नजर लागली. वडील तेच म्हणायचे. आजार सोडून गेला, पोर गोरंपान झालं, कोणाला तरी बघवलं नाही." आत्याने डोळे पुसले. "मी आठ वर्षांची होते. पण जाताना त्याचे डोळे दुधासारखे स्वच्छ होते, एवढं मला आठवतं. त्याचंच समाधान." मग ती एकदम ताठ झाली. "तुला मी कोणाची नजर लागू देणार नाही. जा तू. नोकरी कर. मी शब्दाची पक्की आहे."

चिंगीने तिला मिठी मारली. तिचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की आत्याला ते आपल्या छातीवर ऐकू आलं. पोरीला केवढा आनंद झालाय, असं तिला वाटलं.

गुरुवारी सकाळी दुकान उघडून तास झाला नसेल, तोच एक रंगारी हातात दोन डबे घेऊन आला आणि ते काउंटरवर आपटले.

"मालक, दोन्ही एकाच नंबरचे ना? हा परवाचा, हा कालचा. अर्धी भिंत बदामी झाली, अर्धी पांढरी. घरवाली बाई मला आत येऊ देत नाही!"

बाळ्याने झाकणं उघडली. पहिला डबा बदामी होता, दुसरा नुसता चुना वाटावा इतका पांढरा. रंग मिसळायचं यंत्र चालवणं बाळ्याचं काम. पांढऱ्या बेसचा डबा यंत्राखाली ठेवायचा, नंबर दाबायचा, वरच्या टाक्यांमधून रंगाच्या धारा पडतात. बाळ्याने डब्यात पाहिलं, टाक्यांकडे पाहिलं नाही, आणि गोड आवाजात म्हणाला, "हा जरा उजळ आलाय खरा. पण खरं सांगू का, छान दिसतोय. खोली मोठी वाटेल. बाईंना म्हणा—"

"बाळ्या!" आत्या गरजली. "वर टाकीत बघ आधी!"

बाळ्या स्टुलावर चढला, लाल रंगाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि जीभ चावली. टाकी कोरडी होती.

"संपलाय," तो म्हणाला.

"संपलाय! आणि म्हणे उजळ आलाय!" आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. रंगारी खूश होऊन ऐकू लागला. "तीस वर्षं यंत्रावर बसतोस आणि एवढं कळत नाही? डबा पांढरा निघाला म्हणजे रंग सुधारला नाही, गाढवा! वरचं लाल संपलं! लालच पडलं नाही तर खाली रंग येणार कुठून—"

इथे तिचा आवाज तुटला.

रंगाऱ्याला वाटलं, बाईंना ठसका लागला. बाळ्या स्टुलावरून खाली बघत राहिला, कारण त्याच्या आयुष्यात ताईने शिवी अर्धवट सोडली असं कधी झालं नव्हतं. आत्या पांढऱ्या डब्यात बघत उभी होती. डोळ्यातला पिवळा लालाच्या मोडीतून येतो. तिला हे पन्नास वर्षं पाठ होतं. मोडायला लालच उरलं नाही, तर पिवळा कुठून येणार?

"ताई?"

आत्या साठीतली बाई. ती दोन दोन पायऱ्या गाळत जिना चढली. चिंगी अर्ध्या भरलेल्या बॅगेशेजारी पलंगावर आडवी होती. आत्याने तिची पापणी ओढली, पण या वेळी डोळ्याच्या पांढऱ्याकडे पाहिलं नाही. पापणीच्या आतलं अस्तर पाहिलं. इतकी वर्षं ते दर रविवारी तिच्या अंगठ्याखाली होतं आणि तिने त्याच्याकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं. ते लाल असायला हवं होतं. ते कागदासारखं होतं. ओठ तसेच. नखं दाबून सोडली तर रंग परत येत नव्हता, कारण यायला काही नव्हतंच.

"आत्या," चिंगी डोळे मिटूनच म्हणाली, "आज किती? एक?"

"गप्प बस," आत्या म्हणाली आणि तिचा आवाज इतका घाबरलेला होता की चिंगीने डोळे उघडले. "वहिनी! गाडी बोलवा! मी मूर्ख आहे, तुम्ही बरोबर होता, ते नंतर बोलू, आधी गाडी बोलवा!"

दवाखान्यात चिंगीच्या बोटातून निघालेला थेंब बघूनच नर्सने पळापळ सुरू केली. तासाभराने एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. चेहरा थकलेला, पण बोलणं सरळ.

"रक्त अगदी तळाला गेलंय. चढवायला लावलंय. मला सांगा, गेल्या दोन-तीन आठवड्यांत ही मुलगी लहान मुलांच्या संपर्कात होती का? गाल लाल झालेली मुलं?"

आत्या, बाळ्या आणि वहिनी एकमेकांकडे बघू लागले.

"थप्पडताप," आत्या पुटपुटली. "त्या पोराचा गाल मी या हाताने धरला होता."

"त्याच विषाणूने केलंय हे. तो हाडांच्या आतल्या मगजात जातो आणि नव्या तांबड्या पेशी तयार होणं आठ-दहा दिवस बंद पाडतो. इतरांना पत्ता लागत नाही, कारण त्यांच्या पेशी चार-चार महिने टिकतात. तुमच्या घरातल्या गोल पेशी दोन-तीन आठवडेच टिकतात."

"कळलं," आत्या म्हणाली. "ज्याच्या गोदामात चार महिन्यांचा माल आहे त्याचा कारखाना दहा दिवस बंद पडला तर त्याला काय फरक पडतो. आमचं रोज आणायचं, रोज विकायचं."

डॉक्टरीण पहिल्यांदाच हसली. "अगदी तसंच. आता कारखाना आपणहून सुरू होईल, तोवर आपण बाहेरून माल पुरवू. हा विषाणू सहसा दुसऱ्यांदा त्रास देत नाही. पण तुम्ही वेळेत आणलंत. आणखी दोन दिवस गेले असते तर हृदयाला झेपलं नसतं. घरचे बहुतेक वेळा उशिरा आणतात. डोळ्यांतला पिवळेपणा जातो ना, त्यांना वाटतं बरं वाटतंय."

ती निघून गेली. बाळ्या आणि वहिनी चिंगीला बघायला आत गेले. आत्या बाकावर बसली. थोड्या वेळाने बाळ्या बाहेर आला, म्हणाला, "ताई, ओठ गुलाबी व्हायला लागलेत. भूक लागली म्हणतेय."

आत्याने त्याचा हात धरला. "बाळ्या, थोरल्याला नजर नव्हती लागली रे."

बाळ्या त्या वेळी तीन वर्षांचा होता. त्याला थोरला आठवतही नव्हता. तो ताईच्या शेजारी बसला.

"डोळे पांढरे झाले म्हणून वडिलांनी पेढे वाटले होते," आत्या म्हणाली. "मी दोनदा घेतले. तो अंथरुणावरून हसत होता. त्या वेळी गल्लीतल्या पोरांचे गाल लाल होते का, ते आठवायचा प्रयत्न करतेय मघापासून. नाही आठवत." मग ती लहान मुलीसारखी रडली, आणि बाळ्याने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

चिंगी आठवड्याने घरी आली. नव्या शाळेने महिनाभर जागा राखून ठेवली. आता सगळं घर रविवारची वाट बघू लागलं, आणि अशी वाट त्या घराने कधी पाहिली नव्हती. पहिल्या रविवारी चार. दुसऱ्या रविवारी नऊ. वहिनीही चहाचा कप घेऊन राखाडी कोपऱ्यात येऊन उभी राहिली, आणि तिला कोणी बाहेर काढलं नाही. तिसऱ्या रविवारी आत्याने कार्ड धरलं, काढलं, पुन्हा धरलं.

"चौदा!" ती इतक्या जोरात ओरडली की खाली रस्त्यावरून जाणारा माणूस वर बघू लागला. "चौदा! कारखाना सुरू!"

"म्हणजे मी जाऊ नको?" चिंगीने मुद्दाम तोंड पाडून विचारलं.

"जा! पण नवा नियम ऐक. बाराच्या वर असशील तोवर तिथे. बाराच्या खाली उतरलीस की त्याच दिवशी गाडी पकडायची."

"आत्या, हे उलटं झालं!"

"मी सुलटी होते तेव्हा काय दिवे लावले?" आत्या म्हणाली. तिने कुलपातलं दुसरं कार्ड काढून चिंगीच्या बॅगेत घातलं. त्याच्या वरच्या कडेला आता एक नवी पट्टी होती, लाल रंगाच्या सहा छटांची. "आधी हे बघायचं. ओठ, नखं, पापणी आतून. पिवळं नंतर."

चिंगी गेली. पुढच्या रविवारी आठ वाजून एक मिनिटाने फोन वाजला.

"चौदा!" चिंगी म्हणाली.

आत्याने क्षणभर विचार केला. बाराच्या खाली गेलं की परत यायचं, म्हणजे या पोरीला आता नंबर चढवायचा असणार. आणि पिवळा चढवायचा तर शेजारी काय हवं?

"अंगात काय घातलंयस?"

पलीकडे कपड्यांची सळसळ झाली.

"चिंगे."

"...जांभळी ओढणी."

"काढ. जांभळ्याशेजारी फिका पिवळाही गडद दिसतो. राखाडी काहीतरी गुंडाळ आणि परत बघ."

बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग चिंगी बारीक आवाजात म्हणाली, "अकरा."

स्वयंपाकघराच्या दारात बाळ्या आणि वहिनी श्वास रोखून उभे होते. आत्याने खुर्ची ओढून घेतली.

"ओठ?"

"लाल आहेत."

"लिपस्टिक पुसलीस?"

"...आता पुसली. लाल आहेत. खरंच."

"नखं दाबून सोड."

"लगेच लाल होतायत."

"जिने किती चढतेस?"

"तीन. आत्ताच चढून आले, आत्या. बोलतेय ना सलग तुझ्याशी? मघापासून किती खोटं बोलले, एकदाही दम लागला नाही."

आत्याला हसू आलं, आणि ते लपवायला तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग राहा," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने चिंगीचे नंबर टिपायला आणलेली नवी वही बाजूला सारली आणि वडिलांची जुनी वही उघडली. थोरल्याच्या पानावर, *आजार गेला* या ओळीखाली, पंचावन्न वर्षं जागा कोरी होती. तिथे तिने आपल्या अक्षरात लिहिलं: *चिंगी, अकरा. ओठ लाल.*